एंट्रीची टाळी

पडदा उठायचा तेव्हा रंगमंचावर एक टेबल, चार खुर्च्या, सहा ताटल्या, शेगडीवर सूपचं एक भांडं, खुंट्यांना लटकवलेले तीन कोट आणि एक मुलगी एवढंच असायचं. दार एकच, डावीकडे. ते उघडायचं आणि एक अनोळखी माणूस आत यायचा. निदान लेखकानं तसं लिहिलं होतं. नाटक तिथून सुरू व्हायला हवं होतं आणि रोज नेमकं तिथेच मोडत होतं.

कारण तो माणूस लाइल सँडक्विस्ट होता आणि त्याला सगळी अमेरिका ओळखत होती.

नऊ वर्षं, दर मंगळवारी संध्याकाळी, तो टीव्हीवर नेब्रास्कातल्या एका छोट्या गावातला गुरांचा डॉक्टर होता. डॉक् टिल्डन. मालिका संपून तीन वर्षं झाली, मिशी काढून टाकली, तरी रस्त्यावर लोक अजून थांबवायचे. "डॉक्, आमच्या मांजरीला बघा की जरा, जेवत नाही!" लाइल हसून म्हणायचा, "उपाशी ठेवा, जेवेल." लोक खूश व्हायचे. त्याआधीची वीस वर्षं मात्र कुणाच्या लक्षात नव्हती. उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या धान्याच्या कोठारांत बांधलेले रंगमंच, हिवाळ्यात ओहायोभर बसचे दौरे; कधी दुसरा बटलर, कधी तिसरा पोलीस, कधी मेलेला भाऊ. तेव्हा तो आत आला की प्रेक्षक त्याच्याकडे बघायचे आणि हा कोण असेल, याचा विचार करायचे. त्या विचार करण्याची किंमत त्याला तेव्हा कळली नव्हती.

आता बासष्टाव्या वर्षी, १९८३च्या ऑक्टोबरात, तो रंगभूमीवर परत आला होता, तेही थेट ब्रॉडवेवर. नाटकातला बाप चौदा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, धंद्यानं नळजोडणीवाला. एक दिवस हत्यारांची पेटी घेऊन तो दारात उभा राहतो. मुलीला वाटतं, घर गरम ठेवणारा बॉयलर दुरुस्त करायला माणूस आला. ती त्याला तळघर दाखवते, आणि तो काही न बोलता खाली जाऊन बॉयलर दुरुस्त करतो. पहिली दहा मिनिटं तो कोण हे प्रेक्षकांनाही कळू नये, यावर सगळं नाटक उभं होतं.

ओळखीचा चेहरा पहिल्यांदा दिसला की टाळी द्यायची ही ब्रॉडवेची रीत. तिकीट काढलं, माणूस पाहिला, पोच दिली. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण मुलीचं काम करणारी डोडी काचमारेक त्या टाळीत रोज गाडली जायची. तिचं पहिलं वाक्य होतं, "बॉयलरवाले ना?" ते टाळ्या थांबेपर्यंत तिला तोंडात धरून ठेवावं लागे.

"मी रोज पुतळा होते," ती रंगपटात म्हणाली. "हातात पळी, पळीतून सूप गळतंय. अंगावर कबुतरं बसायची तेवढी राहिलीत."

"मी काय करू सांग," लाइल म्हणाला.

"कमी प्रसिद्ध व्हा."

दिग्दर्शक अँब्रोझ फेल्डकडे वेगळा उपाय होता. तो निर्मात्यांशी बोलून आला होता आणि त्याचा चेहरा तसा दिसत होता.

"लाइल, तिकिटं तुमच्या नावावर खपलीत. लोकांना टाळी वाजवायचीच आहे, तर आपण तिला जागा करून देऊ. दारात पूर्ण उजेड टाकू. तुम्ही उभे राहा, टोपी काढा, टाळी घ्या. मग नाटक सुरू."

"म्हणजे सातशे लोकांनी मला ओळखलं आणि माझ्या पोटच्या पोरीनं नाही?"

"लोक एवढं चालवून घेतात."

"मग बॉयलर कशाला दुरुस्त करू? सरळ गळ्यात पडतो तिच्या."

फेल्डनं डोळे चोळले. पुढच्या गुरुवारी समीक्षक येणार होते. "मंगळवारच्या प्रयोगापर्यंत तुम्हाला काय करायचं ते करा. टाळी गेली तर उत्तम. नाही गेली, तर बुधवारपासून उजेड आणि टोपी."

लाइलनं मान डोलावली. बाहेरून ही गोष्ट क्षुल्लक होती. टाळी मिळते म्हणून कुठला नट रडतो? पण नाटकं त्याच्याकडे आता फारशी येणार नव्हती. दार उघडून आत यावं आणि समोरच्यांना आपण कोण ते माहीत नसावं, एवढं एकदा तरी त्याला परत हवं होतं. उजेड आणि टोपी म्हणजे डॉक् टिल्डनच दारात उभा राहणार होता, उरलेल्या सगळ्या प्रयोगांत.

त्यानं एकेक गोष्ट बदलून पाहायला घेतली. गुरुवारी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि कॉलर वर केली. शुक्रवारी दारावरचा दिवा निम्मा करून घेतला. शनिवारी तो चक्क पाठमोरा आत आला, दोन पावलं टाकली आणि दार लावत तसाच उभा राहिला. स्टेज मॅनेजर रोझेटा पर्डी विंगेत स्टॉपवॉच घेऊन बसलेली असे; प्रत्येक अंकाची वेळ घेणं हे तिचं कामच होतं. कामाच्या वेळात ती सगळ्यांना मिस्टर आणि मिस म्हणायची आणि कुणाची भीड ठेवायची नाही.

"मिस्टर सँडक्विस्ट, आज एकोणीस सेकंद. कालच्यापेक्षा पाच जास्त," ती मध्यंतरात म्हणाली. "चेहऱ्यापेक्षा पाठ लोकप्रिय दिसते तुमची."

लाइल हसला, पण घरी जाताना त्याचा विचार सुटेना. चेहरा झाकला, तरी ओळखलं. उजेड काढला, तरी ओळखलं. पाठ फिरवली, तर जास्तच ओळखलं. म्हणजे लोक चेहरा ओळखतच नव्हते. ते दुसरंच काहीतरी ओळखत होते, आणि ते काय, हे फक्त त्यालाच ठाऊक नव्हतं.

ते त्याला सोमवारी कळलं. सोमवारी थिएटर बंद असायचं आणि त्या दिवशी डोडी घर बदलत होती, शेहेचाळिसाव्या रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. नटांत रीत अशी की कुणी घर बदललं की सगळ्यांनी हात लावायचा. मजुरी म्हणून बिअर आणि या घरी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्या. लाइलच्या वाट्याला डोडीच्या आजीचं शिलाई मशीन आलं. मशीन अस्सल बिडाचं.

"अहो, ते ठेवा, आपण दोघं मिळून नेऊ," डोडी म्हणाली.

"मी म्हातारा दिसतो का?"

"दिसत नाही. आहात."

त्यानं हट्टानं मशीन पोटाशी धरलं आणि जिना चढायला लागला. मागून डोडी दिव्यावरची कापडी छत्री टोपीसारखी डोक्यावर घालून येत होती. तिसऱ्या मजल्याच्या बोळात ती एकदम ओरडली, "थांबा!"

"डोडी, हात तुटायला आलेत."

"तुमचा पाय कुठे गेला?"

"जागेवर आहे. दोन्ही आहेत."

"तो नाही. डॉक्चा पाय. डावा. तुम्ही तो ओढत नाही आहात."

लाइलनं मशीन खाली ठेवलं. "मी पाय कुठे ओढतो?"

"कायम! एवढासाच. असा." ती बोळात चालून दाखवायला लागली. डावं पाऊल किंचित उशिरा, टाच जमिनीला घासून. डोक्यावर दिव्याची छत्री असूनही ती हुबेहूब डॉक् टिल्डन दिसत होती. "मी आठ वर्षांची असल्यापासून बघतेय. आमच्या शाळेतली पोरं नक्कल करायची. तुम्हाला माहीत नाही?"

तो रिकाम्या हातांनी बोळाच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. या वेळी कान देऊन. टाच घासल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

तो पायरीवर बसला. "हा अर्विडकाकाचा पाय आहे," तो म्हणाला. "मिनेसोटाचा माझा काका. घोड्यानं लाथ मारली होती. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, शेतापलीकडून येताना दिसलात तरी लोकांना कळलं पाहिजे की डॉक् आला. मी काकाचा पाय उसना घेतला. काका गेला. परत करायचा राहूनच गेला."

"आणि अंगवळणी पडला."

"जित्याची खोड."

"पण आत्ता गेला होता," डोडी म्हणाली. "सगळा जिनाभर."

दोघांनी एकदमच मशीनकडे पाहिलं.

टीव्हीवर डॉक्टरच्या हातात एक चामड्याची बॅग असायची. नऊ वर्षं तिच्यात फोमचा एक तुकडा होता, ती फुगीर दिसावी म्हणून. नाटकातली हत्यारांची पेटीही तशीच, पातळ फळ्यांची, आत हवा. हात रिकामे असले की पायांना हवं तसं चालायला मोकळीक मिळते. ओझं खरं असलं की शरीर नाटक करत बसत नाही, ते आधी तोल सांभाळतं.

त्या संध्याकाळी लाइलचं पिरोगी खाण्यात लक्ष नव्हतं. तो आठवत होता की गेल्या बारा वर्षांत आपण कुठे कुठे चाललो. दूध आणायला. बँकेत. मुलीच्या लग्नात तिचा हात धरून. हेलनच्या अंत्यविधीला. हेलन त्याची बायको. तिची शवपेटी उचलायला त्यानं हात दिला होता आणि ती जड होती. म्हणजे चर्चपासून कबरीपर्यंतची पावलं तरी त्याची स्वतःची असतील. परतीची नसतील.

मंगळवारी दुपारी तो रोझेटाकडे गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही."

"फक्त आज."

"मिस्टर सँडक्विस्ट, तुम्ही बासष्ट वर्षांचे. तुमची पाठ गेली तर मला भरल्या अंकात बदली नटाला तुमच्या पँटमध्ये कोंबावं लागेल. तो तुमच्या दीडपट आहे."

"रोझेटा, उद्यापासून मला टोपी काढून उभं राहायचंय."

तिनं सुतार बोलावला. मग पेटीला आतून जाड फळी मारून घेतली, कडी बदलून घेतली आणि पेटीत पान्हे आणि लोखंडी नळाचे तुकडे भरले. पेटी तिनं स्वतः काट्यावर ठेवली. अडतीस पौंड. "गुडघे वाकवून उचलायची," ती म्हणाली. "आणि मरायचं असेल तर दुसऱ्या अंकानंतर."

पेटी भरल्याचं डोडीला त्यांनी सांगितलं नाही. आजही टाळी होणार असंच ती धरून चालली होती. टोपी, दिवा, पाठ, सगळं करून झालं होतं.

पडदा उठला. विंगेतल्या अंधारात लाइलनं पेटी उचलली, गुडघे वाकवून, आणि कोपरानं दार ढकललं. ओझ्यानं उजवा खांदा खाली आला, डावा हात आपोआप बाहेर गेला. पहिलं पाऊल. दुसरं. दोन्ही पावलं सपाट पडली. पेटी जमिनीवर ठेवली तेव्हा फळ्या दणाणल्या.

टाळी झाली नाही.

ही शांतता त्याला हवी होती आणि ती आल्यावर त्याला भीती वाटली. बारा वर्षं तो कुठेही शिरला की आधी लोकच त्याला सांगायचे, तू कोण आहेस ते. आता कुणी काही सांगितलं नाही. थिएटर गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्यांचा फुसफुस आवाज आला. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेत एका माणसानं बायकोच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं आणि तिनं खांदे उडवले.

डोडी सवयीप्रमाणे पुतळा होऊन उभी होती. पळी हवेत. टाळी संपायची वाट बघत होती आणि टाळी सुरूच होत नव्हती. मग तिला कळलं. काय करावं ते न सुचून तिनं दारातल्या माणसाकडे पाहिलं, खांदा उतरलेल्या, दमलेल्या, लोखंड वाहून आणलेल्या एका म्हाताऱ्याकडे. तालमींत सहा आठवडे फेल्ड तिच्याकडून हीच नजर मागत होता.

"बॉयलरवाले ना?" ती म्हणाली. आवाज जरा चिरका आला. शांततेतून आलेलं ते वाक्य भरल्या थिएटरात आजवर कुणीच ऐकलं नव्हतं.

लाइलनं मान हलवली.

"खाली आहे. उजवीकडे. पायऱ्या बघून उतरा."

तो वाकला, पेटी उचलली आणि तळघराकडे निघाला. सातशे लोक त्याच्या पाठीकडे बघत होते आणि हा कोण असेल, याचा विचार करत होते. तो विचार त्याच्या पाठीला जाणवत होता.

मध्यंतरात रोझेटानं रंगपटाचं दार वाजवलं. लाइल खुर्चीत पाय पसरून बसला होता, उजव्या तळहातावर कडीचा लाल वळ. डोडी त्यावर बर्फ धरून होती.

"एंट्रीला?" त्यानं विचारलं.

"शून्य."

डोडीनं शिट्टी वाजवली. रंगपटात शिट्टी अशुभ म्हणतात, पण कुणी तिला अडवलं नाही.

"मिस्टर फेल्ड म्हणाले, दिवा आणि टोपी रद्द," रोझेटा म्हणाली. "आणि खालून एक निरोप आलाय. तिकीटखिडकीवर काही लोक पैसे परत मागतायत. म्हणतायत, सँडक्विस्ट आज कामाला नाहीत, बदली माणूस उभा केलाय."

लाइलनं हात बर्फाखालून काढून घेतला. "किती जण?"

"दोन."

"आज थिएटरात किती होते?"

"सातशे चौतीस."

"म्हणजे सातशे बत्तीस जण नळवाल्यासाठी थांबलेत," लाइल म्हणाला आणि हात परत बर्फाखाली ठेवला.