सुवाहून येणारा पार्ट

आमच्या कन्सोलमध्ये पाल शिरून मेली, एवढं मात्र खरं. त्यात कुणाची लबाडी नव्हती. शनिवारी संध्याकाळी बसची ड्यूटी संपवून घरी आलो, बटण दाबलं, तर आतून चर्रर्र आवाज, जळका वास, आणि टीव्ही काळा. लौतोकात, आमच्या या बेटावरच्या बंदरगावात, पाली उबेला कुठंही घुसतात. मी त्या पालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"एरोनीचे बाबा, मेलेल्या जिवाला कशाला शिव्या घालता?" मेरेओनी, माझी बायको, म्हणाली. "सकिउसाकडे न्या की."

मला गेमचं वेड नाही हो. पण एरोनी, आमचा एकुलता एक, दोन वर्षं ऑस्ट्रेलियात फळबागेत राबतोय, आणि फोनवर आम्हा बापलेकाची गाडी 'जेवलास का', 'हो', 'पाऊस आहे का', 'नाही' याच्यापुढं सरकत नाही. दर शनिवारी रग्बीचा गेम लावला आणि हेडफोन चढवले, की पोरगं मोकळं व्हायचं. मला ढकलता ढकलता मुकादमाला शिव्या द्यायचं, गुडघा दुखतोय सांगायचं, आईच्या हातच्या, नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूची आठवण काढायचं. डिसेंबरात तो कायमचा परत येणार होता. गावाकडं आमच्या जमिनीवर मी त्याच्या घराचे खांब उभे केले होते. खिडकी कुठं, दार कुठं, सगळं आम्ही खेळता खेळताच ठरवलं होतं. फोनवर ते कधी जमलंच नसतं.

तर मी कन्सोल काखेत मारून सकिउसाकडे गेलो. सकिउसा माझ्या मामाचा मुलगा, बाजारामागं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्यात आते-मामेभाऊ म्हणजे तवाले, आणि बापाच्या तवालेला पोरं मामा म्हणतात. तवालेनं तुमची कोंबडी पळवली, चारचौघांत तुमची अब्रू काढली, तरी हसायचं. रागावलात तर तुम्हीच हलके. जन्मभर मी हे सोसलंय, आणि दामदुपटीनं परतही केलंय.

त्यानं कन्सोल उघडला आणि चिमट्यानं पाल वर काढली.

"काय रे तवाले, घरी मटण परवडेना म्हणून हिला भाजत होतास?"

"तुझ्या बायकोनं मागवलीय. बांधून दे."

दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसली. मग तो म्हणाला, "पॉवरचा पार्ट गेलाय. राजधानीतून, सुवाहून मागवावा लागेल."

मग सुरू झालं त्या पार्टचं पुराण. आज येतो, उद्या येतो. आला, पण चुकीचा. दुसरा आला, तो बसवताच जळाला. दर वेळी वर एक विनोद, आणि मी आपला गाढवासारखा हसतोय. एरोनीला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "असू दे ता, घाई कशाला?" ता म्हणजे बाबा. आधी शनिवार चुकला तर फुरंगटून बसणारं हे पोर! खरं तर तेव्हाच मनात शंका यायला हवी होती. पण आपल्याच माणसांवर कोण शंका घेतो?

शेवटी एका शनिवारी मी यंगोनाची, म्हणजे आमच्या नशेच्या पेयाच्या मुळ्यांची, जुडी घेतली आणि सकिउसाच्या घरी निघालो. म्हटलं, दोन वाट्या पिऊ, गोडीगुलाबीनं काम करून घेऊ. दारात चपला काढतोय, तोच आतून रग्बीची शिट्टी ऐकू आली.

"अरे पास दे, पास!" सकिउसा ओरडत होता. "पोरीचा बाप झालास, तरी हाताला लोणी लावूनच खेळतोयस!"

टीव्हीतून एरोनी हसला. माझा एरोनी. मग त्याच्या मागं एक तान्हं बाळ रडायला लागलं.

"थांब मामा, उठली बघ ती," एरोनी म्हणाला. "आणि ताला बोलू नकोस हं."

मी आत गेलो. टीव्हीखाली आमचाच कन्सोल, कोपरा फुटलेला. मला बघताच सकिउसानं वायर उपटली.

मी त्याच्या विनोदाची वाट बघत उभा राहिलो. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी त्यानं एखादा फालतू विनोद जरी केला असता, तरी मी हसलो असतो आणि सगळं चेष्टेवारी नेलं असतं. पण तो खाली चटईवर बसला आणि त्यानं मान खाली घातली.

"पहिल्याच आठवड्यात नीट झाला होता," तो म्हणाला. "एरोनीनं गळ घातली, की देऊ नकोस. हेडफोन लावले की ताला बाळाचं रडणं ऐकू जाईल म्हणाला. तिथल्याच पोरीशी जमलंय त्याचं. तिकडंच राहणार आहे तो. योग्य वेळी सांगू, असं मेरेओनीसुद्धा म्हणाली."

"मेरेओनी?"

त्यानं उपटलेली वायर गुंडाळायला घेतली.

म्हणजे आईला ठाऊक, मामाला ठाऊक, आणि हा बाप उन्हात खांबांना रंग फासतोय! केसानं गळा कापला माझ्याच माणसांनी. "त्याला काही कळवलंस तर याद राख," मी म्हटलं आणि कन्सोल उचलला. यंगोनाची जुडीही उचलली. आणलेली जुडी आमच्यात कुणी परत नेत नाही. मी नेली.

माझ्या काखेत कन्सोल बघून मेरेओनीला सगळं कळलं.

"रोज शिट्टी वाजवत घरी यायचात," ती रडायला लागली. "म्हणायचात, आज हा खांब झाला, आज तो झाला. माझी जीभ रेटेना हो."

"नाव काय बाळाचं?"

"मेरेओनी," ती म्हणाली. एवढ्या रडण्यातसुद्धा तिला ते लपवता आलं नाही, चेहरा उजळला तिचा. मला तिचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

मी वायरी जोडल्या. ती शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं पडद्यावर एरोनीचं नाव आलं.

"ता! झाला दुरुस्त?" आवाज जरा चिरकला त्याचा.

"झाला. सुवाहून पार्ट आला."

खेळ सुरू झाला. मागं कुठं बाळाचा आवाज नाही. कुठं लांब जाऊन बसला होता कोण जाणे. मी त्याला बोलायला वाट करून दिली. म्हटलं, "दार समुद्राकडं ठेवलंय बघ. तू यायच्या आत छप्पर घालतो. डिसेंबरात येतोयस ना?"

बोल रे बाबा, मी मनात म्हणत होतो. आत्ता बोललास तर सगळं माफ.

"येतोय ना ता," तो म्हणाला. "तिकीटच बघतोय."

तेवढ्यात चेंडू माझ्या हाती आला आणि मी पळत सुटलो. एरोनीचा गडी आडवा आला आणि आयत्या वेळी बाजूला झाला. दुसरा तर जागचा हललाही नाही. या पोरानं लहानपणापासून मला एकदाही जिंकू दिलं नव्हतं, आणि त्याचाच मला केवढा अभिमान होता. आज तो बापाला चॉकलेट देत होता. मी रेषेपलीकडं जाऊन थांबलो.

"टेकव की ता," तो म्हणाला. "टेकव चेंडू, जिंकलास तू."

मी चेंडू टेकवला नाही. हेडफोन काढले आणि मेरेओनीच्या मांडीवर ठेवले.

"घे," मी म्हटलं. "सांग त्याला, बापाला कळलंय म्हणून. एवढं तरी माझ्यासमोर बोला."