खिडकीवर टांगलेलं अभिनंदन

"वैनी, पोरीला विचारलंय न्हवं? बोर्ड चढवाय सोपं असतंय, उतरवाय जड जातंय."

मित्रांनो, हे वाक्य मी जन्मायच्या आधीच ऐकलं. बोलले ते वीरभद्रअण्णा, फ्लेक्स छापणारे. ऐकायचं होतं पूर्णिमाताईंनी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, स्वतःच्या लेकीचं कौतुक करायला काय विचारायचं? तुम्ही फोटो तेवढा मोठा घ्या."

मी एक जुना फ्लेक्स आहे. आता उन्हाने विटलोय, कडा चिरल्यात. त्या दिवशी मात्र शाईने ओलाचिंब असा मी यंत्रातून बाहेर सरकत होतो आणि स्वतःच्याच वासाने मला मळमळत होतं. तेव्हा वाटलं, शाईचा वास आहे, जाईल दोन दिवसांत. तो कधी गेलाच नाही.

माझ्यावर छापलं होतं: 'हार्दिक अभिनंदन! कु. संयोगिता. अवघ्या सोळाव्या वर्षी पाच अ‍ॅपची निर्माती. आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का!' खाली अ‍ॅप बनवायला शिकवणाऱ्या क्लासचं नाव आणि फोन नंबर, संयोगिताच्या नावाच्या दुप्पट मोठा. माझ्याआधी त्याच यंत्रातून तीन फ्लेक्स निघाले होते. चेहरे वेगळे, ओळ तीच, पाच अ‍ॅपही तीच. अण्णा पुटपुटले, "चौघांत मिळून पाचच अ‍ॅप म्हनायची ही."

क्लासवाले ऋतुराज सर पालकांना मोबाईलवर तयार मजकूर पाठवायचे. फ्लेक्स छापायचा पालकांनी, लावायचाही पालकांनी, आपल्याच घरावर. आमच्या कोल्हापुरात वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, फुटबॉलचा सामना जिंकला की लागतो, म्हैस शर्यतीत पहिली आली तरी लागतो. मग अकरावीतल्या लेकीचा का नको?

शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घराच्या पहिल्या मजल्यावर, गल्लीकडच्या गजांना मला बांधलं. बरोब्बर संयोगिताच्या अभ्यासाच्या खिडकीवर. खोलीत दिवसाढवळ्या अंधार झाला. "आई, दिसत नाही गं," ती म्हणाली. "ट्यूब लाव की," पूर्णिमाताई खालून म्हणाल्या. त्या रस्त्यात उभ्या राहून मी सरळ बसलोय का ते बघत होत्या.

तेव्हापासून माझ्यापुढे गल्ली आणि पाठीमागे संयोगिता. पुढच्या बाजूला कौतुक चाललेलं. पिठाच्या गिरणीच्या शालूबाई रोज हाक मारायच्या, "काय गं इंजिनेर, माझ्या गिरणीचं अ‍ॅप कधी करतीस?" तालमीची पोरं ओरडायची, "आक्का, सामना कधी हाय ते दाखवणारं कायतरी काढ की!"

हे शेवटचं संयोगिताने मनावर घेतलं. मित्रांनो, माझी पाठ कोरी आहे. तिकडे काही छापलेलं नाही, म्हणून तिकडचं मी खोटं सांगणार नाही. तिने एका वहीत पेठांच्या फुटबॉल संघांची नावं लिहिली, सामन्यांचे दिवस मांडले आणि कुठला संघ कुठल्या फेरीत जातो याचं कोडं स्वतः सोडवायला घेतलं. चुकायची, खोडायची, पुन्हा लिहायची. जमलं की एकटीच टेबलावर थाप मारायची. त्या थापेने मीसुद्धा थरथरायचो.

क्लासमध्ये मात्र वेगळंच. तिथे सर तयार अ‍ॅप द्यायचे, मुलांनी रंग आणि नाव बदलायचं. वेळापत्रकाची वही दाखवली तर सर म्हणाले, "हे कशाला? प्रमाणपत्रात बसत नाही. कॉलेजवाले प्रमाणपत्रं बघतात." पूर्णिमाताईंना त्यांनी हेच सांगितलं. शिकलेल्या बाई, पण काळजी माणसाला आंधळं करते. बाकीची पोरं पुढे जातील या धास्तीने त्यांनी गणिताच्या शिकवणीचे तीन दिवस काढून क्लासला दिले. लेक पोचली का, निघाली का, जेवली का, सगळं बघायच्या. ती वही मात्र कधी उघडून बघितली नाही. बारावीच्या दिवाळीत संयोगिताने वही माळ्यावर टाकली. टेबलावरची थाप थांबली.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, सीईटीचा निकाल लागला. गणितात ती मागे पडली होती. तरी पूर्णिमाताई क्लासच्या नऊ प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून लेकीबरोबर कॉलेजात गेल्या. संध्याकाळी दोघी परत आल्या आणि माझ्याच खाली थांबल्या. ताईंनी तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, कागद तपासणाऱ्या माणसाने फाईल उघडलीसुद्धा नाही. 'ही घरला ठेवा, हितं सीईटीचं मार्क चालत्यात' म्हणाला. तुम्ही तर सांगितलं होतं..."

फोनमधून गोड आवाज आला, "मॅडम, आम्ही अनुभव देतो हो. प्रवेशाचं आम्ही कुठं लेखी दिलंय? तुमच्या धाकट्या यशराजला पाठवा, नवीन बॅच आहे."

लेखी दिलं नव्हतं? मग मी कोण? दीड वर्ष 'प्रवेश पक्का' हे शब्द मी छातीवर घेऊन उभा होतो. मला स्वतःची शिसारी आली. माणसाला ओकता तरी येतं, मला तेही नाही.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या कुठल्याच प्रवेशयादीत संयोगिताचं नाव आलं नाही. शालूबाईंच्या हाका चालूच होत्या, त्यांना बिचारीला काय ठाऊक! संयोगिता मागच्या बोळातून ये-जा करू लागली. एके दुपारी आईने विचारलं, "पुढून का जात नाहीस?"

"माझ्या तोंडाखालून जायची किळस येते मला," ती म्हणाली. "त्यातलं एकसुद्धा अ‍ॅप माझं नव्हतं, आई. तू विचारलंच नाहीस."

पूर्णिमाताई विळा घेऊन स्टुलावर चढल्या. दोऱ्या उन्हापावसाने गजांना चिकटल्या होत्या, गाठींत विळा शिरेना. खालून वीरभद्रअण्णा चालले होते. ते वळले आणि स्टूल धरून उभे राहिले. अर्धा तास लागला. मी खाली पडलो आणि खोलीत भसकन ऊन शिरलं. पाठमोरी बसलेली संयोगिता दचकली, पण वळली नाही.

आता मी दारातल्या स्कूटरवर उलटा पांघरलेला असतो, कोरी बाजू वर. सगळे क्लास वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पोराला गोडी असेल आणि शिकवणारा खरं शिकवत असेल, तर हात बसतो, डोकं चालतं. पण कॉलेजच्या दारातून आत जायला परीक्षेचेच गुण लागतात. आणि दुसऱ्याने केलेल्या कामावर पोराचं नाव घातलं, तर त्याची गोडीसुद्धा मरते.

पूर्णिमाताईंनी ती वही माळ्यावरून काढून, झटकून टेबलावर ठेवलीय. आठ दिवस झाले, पान उलटल्याचा आवाज नाही.

मित्रांनो, शिवाजी पेठेत आलात तर त्या घरी पुढच्या दाराने वर जा. संयोगिता आहे का बघा. प्रवेशाचं विचारू नका. एवढंच म्हणा, "सामन्यांचं वेळापत्रक कुठवर आलं?" आणि ती काय म्हणते ते जाताना मला सांगा. मी दारातच आहे, स्कूटरवर.