कागदी डॉक्टरचा ॲप्रन

मी दवाखान्याच्या लाँड्रीतला एक निळा ॲप्रन. जाडाभरडा, दोन खिशांचा, त्यातला एक ठिगळ लावलेला. रंग उडत चाललाय, म्हटलं आवाज आहे तोवर बोलून घ्यावं. गाऱ्हाणं नाही मांडायचं हं. मला ज्यांनी अंगावर चढवलं, त्यांचे उपकार आठवायचेत.

फाटक्या चादरी सांधणाऱ्या बाईंनी उरलेल्या कापडातून मला बेतलं. त्यांचा अंदाज चुकला आणि मी भलताच ऐसपैस झालो. मग काय, दारामागची खुंटी आणि मी! येणारा-जाणारा मला हात पुसून पुढे जायचा.

एक दिवस पीएच.डी. करणारी एक मुलगी आली. हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा. 'कामाबद्दल आपण समाधानी आहात का?' बायकांनी चोरून मुकादमाकडे पाहिलं आणि एकजात सगळ्या म्हणाल्या, "हो, छान आहे की." मुलगी खूश होऊन गेली आणि तोंड पाडून परत आली. तिच्या मार्गदर्शक सरांनी म्हणे गठ्ठा चाळून बाजूला ठेवला होता. "परीक्षेला बसवलंस तर माणसं पास होण्यापुरतंच बोलणार. आधी त्यांच्याबरोबर राबून बघ."

मुकादमाची परवानगी तिने काढलीच होती. तरी तिने सगळ्या बायकांना गोळा केलं. "मी इथे काम करीन, पण अभ्यासही करीन. बघेन ते लिहीन. कुणाला नको असेल तर आत्ताच सांगा."

चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवरच्या मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या. "डॉक्टर होणार म्हणतेस. म्हणजे सुई टोचणारी?"

"नाही हो, कागदावरची."

झालं! त्या दिवसापासून ती 'कागदी डॉक्टर'. मावशींनी मला खुंटीवरून ओढलं आणि माझे बंद तिच्या कमरेभोवती दोनदा गुंडाळून गाठ मारली. "बाहुलीला गोणपाट नेसवलंय जसं!" सगळ्या खो खो हसल्या. मला मात्र धन्य वाटलं. अखेर मी कुणाचा तरी झालो होतो.

काम सोपं नव्हतं. तापलेल्या रोलरमधून चादर सरसर बाहेर येते. चटका सोसत तिचे कोपरे धरायचे, ताणायचे, घडी घालायची. सुरुवातीला मुलीची घडी म्हणजे नुसतं बोचकं! हळूहळू हात बसला. मी घामाने, साबणाच्या पाण्याने भिजत गेलो आणि बायकांची तोंडं उघडत गेली. सासूच्या तक्रारी, पोरांची लग्नं, मुकादमाची नक्कल, सगळं तिच्यासमोर व्हायला लागलं. ती लिहिणारी आहे, हे त्या विसरूनच गेल्या.

एका दुपारी रोलरच्या घरघरीत मावशी तिच्या कानाशी म्हणाल्या, "माझी उजवी बोटं बधिर झालीत गं. चादर धरलीय का सुटलीय, कळतच नाही. या सगळ्या सांभाळून घेतात म्हणून निभतंय. मुकादमाला कळलं तर घरी बसवतील."

मुलीने ते लिहिलं. सर वाचून उठूनच उभे राहिले. "हेच तर हवं होतं! नाव बदल आणि घाल प्रबंधात."

तिलाही आकाश ठेंगणं झालं. पण पुन्हा कामाला आली आणि हात थबकले. लाँड्रीत रोलर एकच, त्यावरची मावशीही एकच. नाव बदलून काय होणार? आंधळ्यानेही ओळखलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला काढलं, घडी घालून मांडीवर ठेवलं आणि आपल्या साध्या कपड्यांत मावशींसमोर बसली.

"मावशी, तुमच्या बोटांचं मला प्रबंधात लिहायचंय. लिहू?"

मावशींचा घास हातातच राहिला. "मी ते तुला सांगितलं. कागदाला नव्हतं सांगितलं."

"म्हणून तर ॲप्रन काढून विचारतेय. तुम्ही नाही म्हणालात तर एक अक्षर लिहिणार नाही."

"मग नको लिहूस. पोटावर पाय येईल माझ्या."

"नाही लिहीत."

ती पटकन म्हणाली खरी. पण माझी घडी तिने मुठीत अशी आवळली होती, की तिने काय सोडलं ते मला कळलं. मावशींनाही कळलं असावं. सुट्टी संपल्यावर त्यांनी स्वतः माझे बंद बांधून दिले, त्या बधिर बोटांनी, चाचपडत.

सर आधी चिडले. "प्रकरण लंगडं होईल!" मग जरा वेळाने म्हणाले, "होऊ दे लंगडं. खरं आहे ना, मग चालेल."

आणि चालला की प्रबंध! ती डॉक्टर झाली, विद्यापीठात शिकवायला लागली. निरोपाच्या वेळी बायकांनी मला धुऊन, खळ घालून तिच्या हाती दिलं होतं.

काही वर्षांनी तिच्या दारात मावशी उभ्या. "निवृत्त झाले गं. आता लिही. बाकीच्यांनाही विचारून आलेय. रोलर बदलला, मुकादमही बदलला, कुणाला धक्का लागायचा नाही."

तिने लेख लिहिला आणि मावशींना वाचून दाखवला. बोटांचं, चटक्यांचं, भीतीचं सगळं मावशींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "एक राहिलं बघ. त्या पोरींनी माझ्या वाटचे कोपरे धरले, पण एकदाही बोलून नाही दाखवलं. ते आधी घे." लेखाचं पहिलं वाक्य तेच झालं.

आता मी तिच्या खोलीत असतो. कामाच्या जागांचा अभ्यास करायला निघालेली मुलं माझ्याकडे कुतूहलाने बघतात. बाळांनो, एवढंच मागणं आहे. लोक तुम्हाला आपलं म्हणतील तेव्हा तुम्ही कशासाठी आलात, ते त्यांना विसरू देऊ नका. ते जे देतील ते विचारून घ्या, आणि नाही म्हणाले तर तेही मानाने घ्या.

उद्या एक विद्यार्थिनी मला घेऊन बेकरीत कामाला जाणार आहे. खांद्याशी विरलोय, पण तिने आजच टाके घातलेत. साबणाचा, खळीचा, घामाचा वास मला पाठ आहे. ताज्या पावाचा अजून माहीत नाही. येतो मी.