मावशीचा बटाटा

त्या सोमवारी सकाळी शारजाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने मला बाजूला बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं, की माझी बायको मार्गारेट एक्सपायर झाली. ती बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पडली होती. मी हॉटेलच्या लाँड्रीतून निघून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग दिवसभर मी त्याच शब्दाने लोकांना कळवलं. वसईला तिच्या भावाला, हॉटेलच्या मॅनेजरला, चर्चमध्ये फादरना. मार्गारेट एक्सपायर्ड. सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फोन वाजला. घरात चर्चची माणसं होती, मुलगी करेन चहा ठेवत होती. फोन अमेरिकेहून, ट्रॉयचा होता.

ट्रॉय कोण ते सांगतो. मार्गारेट पूर्वी दुबईत जुमेराला एका अमेरिकन कुटुंबात घरकामाला होती. ट्रॉय त्यांचा एकुलता मुलगा. शाळेतून आला की किचनमध्येच बसायचा. ती बटाटे सोलायची आणि मध्येच एक त्याच्याकडे फेकायची. "झेल!" पाडला तर त्याने सोलायचा, झेलला तर तिने. वसईला तिच्या बापाची वाडी होती. टेम्पो भरताना गडी लाल भोपळे फेकायचे आणि पोरी झेलायच्या, त्यामुळे तिला या फेकाफेकीचं काही वाटत नसे. मॅडम ओरडायची, खिडकीची काच जाईल म्हणून. एकदा गेलीही.

कुवेतची लढाई लागली तेव्हा ते लोक परत गेले. तिकडे ट्रॉय त्यांच्या फुटबॉलमध्ये शिरला. आपला फुटबॉल नाही, हेल्मेट घालून खेळतात तो. तो वाइड रिसीव्हर झाला. म्हणजे कडेला उभं राहायचं, इशारा झाला की सुटायचं, मागून आलेला बॉल पळता पळता झेलायचा आणि झेलल्यावर दोन-तीन रेडे अंगावर येतात ते सोसायचे. कॉलेज झाल्यावर एका टीमने घेतलं आणि काढलं. दुसऱ्या टीमने नुसत्या प्रॅक्टिसला ठेवलं आणि काढलं. तो फोनवर रडायचा आणि मार्गारेट त्याला विचारायची, "जेवलास का?"

तिसऱ्या टीमने त्याला खेळवलं. मी काम करतो त्या दुबईतल्या हॉटेलच्या बारमध्ये अमेरिकन चॅनल लागायचं. त्यांची सोमवार रात्रीची मॅच आपल्याकडे मंगळवारी सकाळी दिसायची. बार तेव्हा बंद असायचा, पण साफसफाईवाला सदानंद आम्हाला आत घ्यायचा. राजापूरचा माणूस. "वहिनी, आज तुमचा पोरगा पाडणार की पडणार?" असं दर वेळी चिडवायचा. ट्रॉयने पहिला टचडाउन केला, म्हणजे बॉल घेऊन पार शेवटच्या रेषेपलीकडे गेला, तेव्हा तो मैदानाच्या टोकाला मांडी घालून बसला, डाव्या हातात बॉल धरला आणि उजव्या हाताने सोलल्यासारखं करायला लागला. टीव्हीवरचे लोक म्हणाले, हा कुठला डान्स कोण जाणे. मार्गारेट पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "बघ जोकिम, अजून सालं जाडच काढतो."

मॅचच्या दिवशी तो तिला फोन करायचाच. त्या सोमवारीही केला.

"काय मावशी, जेवली?" एवढंच त्याचं मराठी.

"ट्रॉय, मी जोकिम. मार्गारेट... मार्गारेट एक्सपायर्ड."

"एक्सपायर्ड? ओ नो! अंकल, मागच्या वेळी पण तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत थांबला होता. मग काय झालं? वसईला पाठवलं तिला?"

मला समजायला वेळ लागला. आपल्याकडे माणूस एक्सपायर होतो. अमेरिकेत दूध होतं. आणि दुबईत वाढलेल्या अमेरिकन पोराला या शब्दावरून एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे व्हिसा.

"वसईला... हो," मी म्हणालो. बॉडी वसईला न्यायचं ठरलंच होतं.

"तुमचा आवाज का असा येतोय? टेन्शन घेऊ नका. नवा व्हिसा मिळेल, इन्शाल्ला. तिला सांगा, आजचा बटाटा मावशीचा."

"सांगतो."

फोन ठेवला तर करेन किटली घेऊन समोर उभी. "डॅडी, व्हॉट डिड यू जस्ट टेल हिम?"

"त्याची मॅच आहे आज."

"सो?"

मॅच झाल्यावर सांगतो, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉडीच्या कागदांसाठी मॉर्च्युरीत जायचं होतं. मी आधी बारमध्ये गेलो. सदानंद मला बघून दचकला, पण त्याने टेबलावर उलटी ठेवलेली खुर्ची खाली काढून दिली. एकच काढली.

ट्रॉय त्या दिवशी कधी खेळला नव्हता असा खेळला. एक बॉल तर त्याने पाठमोरा, आडवा होऊन घेतला. टचडाउन झाल्यावर तो बसला, सावकाश बॉल सोलला आणि सोललेला बटाटा दाखवावा तसा कॅमेऱ्यापुढे धरला.

"जोकिमभाऊ," सदानंद म्हणाला, "ह्याला कळवलं नाही तुम्ही?"

"नाही."

त्याने व्हॅक्यूमचं बटण दाबलं आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागला. मी टाळ्या वाजवल्या. बायको मॉर्च्युरीत होती आणि मी बारमध्ये बसून टाळ्या वाजवल्या.

वसईला तिला माती देऊन परत आलो. त्यानंतर ट्रॉयचा फोन आला तेव्हा सांगायचंच होतं. पण तो आधीच म्हणाला, "मावशी कशी आहे?" आणि मी म्हणालो, "बरी आहे." पुढच्या वेळी म्हणालो, तिला आता इकडे परत यायचं नाही, वाडीतच रमली आहे. त्याने वसईचा नंबर मागितला. मी म्हणालो, तिकडची लाइन सारखी बंद असते. मग एकदा म्हणालो, तिने कोंबड्या पाळल्यात. हे मला कुठून सुचलं माहीत नाही. तिला कोंबड्या आवडत नसत.

"एकीचं नाव ट्रॉय ठेवायला सांगा!"

"कोंबडीचं?"

"मग कोंबडा आणा ना, अंकल!"

तो हसला. मीही हसलो, आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

पुढचा अख्खा सीझन तो तिच्यासाठी बटाटे सोलत होता. मी सांगितलं असतं तर तो खेळला नसता, असं मी करेनला म्हणायचो. ते खरं नाही. बाकीचे सगळे तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. हा एकटाच ती आहे असं धरून बोलायचा. त्याच्या फोनवर ती वाडीत फिरत होती, माणसांवर ओरडत होती, कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला ते हवं होतं. त्यासाठी मी त्याला फसवलं. तिच्यासाठी रडायचा त्याचा हक्क मी घेतला.

या वर्षी त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, तरी टीमने ठेवलं नाही. गेल्या आठवड्यात फोन आला.

"खलास, अंकल. करिअर खलास."

"जेवलास का?" मी विचारलं. तोंडातून तेच आलं.

तो म्हणाला, "मावशीचं बोलणं चोरलंत तुम्ही." त्याने तिकीट काढलं होतं. आधी दुबई, मग मला घेऊन वसई. तिला न कळवता जायचं. तिच्या किचनच्या दारात उभं राहून बटाटा फेकायचा आणि ती झेलते का ते बघायचं.

करेन आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती माझ्यासमोर खाली बसली. "डॅडी, कॉल हिम. नाऊ. मी डायल करते." तिने नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला. तिकडे निरोप घ्यायचं मशीन लागलं. या वेळी कोणता शब्द वापरायचा ते मी ठरवून ठेवलं होतं. डाइड. साधा आहे, शाळेतली पोरंसुद्धा वापरतात. टूं वाजल्यावर मी म्हणालो, "ट्रॉय, एअरपोर्टला मी घ्यायला येतो." आणि ठेवून दिला.

करेन पर्स उचलून निघून गेली.

काल मी लाँड्रीतून दोन दिवसांची सुट्टी घेतली. ट्रॉयचं विमान गुरुवारी सकाळी उतरतं. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.