मुळ्यांच्या अंगातलं विष

"निघालं! बघा, निघालं!"

विजेचं यंत्र जोडलेल्या घमेल्यातलं पाणी आधी पिवळट झालं, मग गढूळ, मग तांबूस-काळं. त्यात एका म्हातारीची दोन पावलं बुडाली होती आणि हॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्या माना उंचावून बघत होत्या. दक्षिण कोरियातल्या मोक्पो शहराच्या अलीकडच्या त्या बाजारगावात हा चमत्कार महिनाभर रोज चालला होता.

"आई, पोटच्या पोरानं कधी तुमचे पाय धुतले? मी धुतो!" मा गिथे नावाचा माणूस माईकवर गहिवरला. हा स्वतःला संचालक म्हणवून घेई. कशाचा, ते कुणी विचारलं नव्हतं. "डॉक्टरांच्या यंत्रात हे विष दिसतं? नाही! माझ्या घमेल्यात दिसतं!" शिवाय येणाऱ्या प्रत्येकीला टॉयलेट पेपरचा गठ्ठा फुकट, वर एक गाणं. मग गावातल्या सासवा त्याच्यावर जीव ओवाळून टाकणार नाहीत तर काय!

योनह्वा भिंतीला टेकून बसली होती. नऊ वर्षं तिचं सगळं अंग दुखत होतं. मान, खांदे, कंबर, तळवे. रात्रभर झोपूनही सकाळी कुणी बडवून काढल्यासारखं वाटे. रक्त चांगलं, एक्स-रे चांगला. पुष्कळ दवाखाने पालथे घातल्यावर ग्वांगजू शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया. "मोडलेलं, सुजलेलं काही नाही. मेंदू आणि मज्जातंतू दुखण्याचा निरोप फार मोठ्या आवाजात देतात. पण दुखणं खरं आहे, बरं का!" गोळ्या, रोज थोडं चालणं, वेळेवर झोप. पुरतं बरं वाटत नव्हतं, पण दिवस ढकलता येत होते.

सासूबाईंना, बोकन्येला, हे कधी पटलं नाही. "रिपोर्ट चांगला म्हणजे माणूस चांगलं," ती कोबीच्या राशीवर मीठ फेकत शेजारणींना सांगे. "नेमकं किमचीचं लोणचं घालायच्या दिवसांतच बरं दुखतं हिचं!"

आणि मागच्या आठवड्यात योनह्वाच्या पायांखालचं पाणी काळं झालं. म्हातारी हमसून रडली. "अगं, एवढं विष होतं तुझ्यात! आणि मी मेली काय काय बोलले तुला!" त्या संध्याकाळी सासूनं भांडी घासली. पण विष त्या गोळ्यांमुळेच साठतं, असं मानं सांगताच तिनं गोळ्याही कचऱ्यात टाकल्या. मायेपोटीच.

तेव्हापासून रात्री योनह्वाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

काल पाणी फार गरम होतं म्हणून तिनं पाय वर घेतले आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. जाग आली तर घमेलं काळंकुट्ट! तिनं घाईघाईनं पाय आत घातले. सासूनं पाहिलं तर? घरी म्हातारी तिचे खांदे चोळत बसली, तेव्हा योनह्वाला रडूच आलं. किती वर्षांनी कुणी तिच्यावर विश्वास ठेवला होता! तो खोटेपणावर उभा असला तर असू दे, असं तिला खरंच वाटलं. पण अंग ठणकायचं काही थांबलं नाही.

आज बोकन्ये मा विकत असलेलं ते यंत्र घ्यायला उठली, तशी योनह्वाही टेबल धरून उठली. बाजाराच्या पिशवीतून तिनं पोटरीएवढे दोन मुळे काढले आणि घमेल्यातल्या ताज्या पाण्यात उभे केले.

"संचालकसाहेब, यांचंही विष काढा."

"ताई, यंत्राला हात लावू नका..."

मा रोज पाण्यात टाकायचा, त्याच पुडीतलं मीठ तिनं टाकलं, खटका दाबला. हॉल हसला. मुळ्यांभोवतीचं पाणी हळूहळू काळं झालं.

"अगंबाई, मुळ्यालाही कंबरदुखी!" कुणीतरी म्हणालं.

"जमिनीतलं विष मुळ्यात उतरतं!" मा घाम पुसत म्हणाला.

"मग मुळेही नकोत." योनह्वानं पाणी बदललं, मीठ टाकलं, खटका दाबला. कुणाचेच पाय नव्हते, तरी पाणी काळं झालं. "आतल्या दांड्या लोखंडी आहेत. मिठाचं पाणी, वर वीज. हा गंज आहे. आपण कोबी कधी लोखंडी पातेल्यात खारवतो का?"

जन्मभर कोबी खारवत आलेल्या बायकांना आणखी काही सांगावं लागलं नाही. यंत्र बिघडलंय असं पुटपुटत मा वायरी गुंडाळू लागला.

बाहेर आल्यावर बोकन्ये म्हणाली, "म्हणजे तुझ्यात विष नाही."

"नाही, आई."

"मग तुला काहीच झालेलं नाही."

हेच होणार हे योनह्वाला ठाऊक होतं. ती पायरीवर बसली. "आई, माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. कधी नसेलही. तरी दुखतं. पटवून पटवून मी थकले हो." ती रडली नाही, तेवढं त्राण नव्हतं.

 म्हातारी शेजारी टेकली.

"आत्ता कुठं दुखतंय गं?"

हे तिनं नऊ वर्षांत विचारलं नव्हतं. योनह्वा सांगू लागली आणि सासू मध्ये न बोलता ऐकत राहिली. मग दोघी गोळ्या आणायला दवाखान्याकडे निघाल्या.

हे दुखणं दाखवणारी एकही तपासणी अजून निघालेली नाही. डॉक्टरही आधी विचारतात, ऐकून घेतात आणि मगच ओळखतात. तेव्हा कुणा भोंदूचं ऐकून औषधं फेकू नका. आणि तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणत असेल, तर पुरावा मागू नका. कुठं दुखतंय ते विचारा.