चढणीवर सांडलेलं तेल

खोडाळ्याला भात सडायची गिरणी आली, तेव्हा जव्हार संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजाची हद्द आणि सरकारची हद्द हा भेद गेला होता, आणि जव्हारचा माल मोखाड्यावरून खोडाळ्याच्या बाजाराला बिनदिक्कत येऊ लागला होता. गावच्या सोसायटीने बाजाराच्या कडेला पत्र्याची शेड घातली, तिच्यात डिझेलवर चालणारं इंजिन बसवलं, आणि पहिल्या दिवशी पट्टा फिरून पांढरे तांदूळ पडू लागले तेव्हा कित्येक बायांनी आपले तळहात उघडून बघितले. मुसळाचे घट्टे होते त्यांत. सोमीच्याही हातात होते.

सोमीला तर त्या इंजिनाचा दुहेरी अभिमान. ते चालवायचा तिचा नवरा कान्हा. मुंबईच्या गोदीतल्या कारखान्यात तो काही वर्षं राहिला, इंजिनाचं काम शिकला आणि आई आजारी पडल्यावर परत आला तो इथेच राहिला. इंजिनाला तो स्वतःच्या धोतराच्या फडक्याने पुसायचा. पण माणूस तापट. गावात म्हणायचे, कान्ह्याचा हात सोन्याचा आणि जीभ कोयत्याची.

गिरणीच्या बैलगाडीवर सोमीने आपला धाकटा भाऊ मंगळू लावून दिला होता. तो साखरशेतचा, सोमीचं माहेर तिथलं. तेलाचं पिंप जव्हारहून आणायचं, भाताची पोती इकडून तिकडे न्यायची, हे त्याचं काम. पोरगं कष्टाळू पण भित्रं. पावसाळ्यात एकदा त्याच्या हातून डिझेलचा डबा कलंडला, तर कान्हाने सगळ्या बायांसमोर सुनावलं होतं, “तुझ्यापेक्षा तुझे बैल शहाणे!” बाया हसल्या. मंगळूही कसनुसा हसला. त्या दिवशी तो बहिणीकडे जेवायला आला नाही.

माघातली गोष्ट. मंगळू जव्हारहून पिंप घेऊन आला, गिरणीत उतरवलं आणि दुपारी बहिणीच्या दारात येऊन बसला. सोमीने नागलीची भाकर आणि उडदाचं बेसन पुढे ठेवलं. वाढताना तिला वास आला. नवऱ्याचे कपडे धुऊन धुऊन डिझेलचा वास तिच्या ओळखीचा झाला होता. जड, चिकट वास. हा तसा नव्हता. हा नाकात शिरून टोचत होता, रस्त्याने साहेबाची मोटार जाते तिच्यामागे येतो तसा.

“मंगळू, कसला वास येतो रे तुझ्या सदऱ्याला?”

त्याचा घास थांबला. “कसला नाय.”

“खरा सांग.”

मग तो बोलला. मोखाडा सोडल्यावरच्या चढणीला झुडपातून डुक्कर उसळलं, बैल बुजले, गाडी मागे आली. पिंप घरंगळत रस्त्यावर पडलं आणि त्याचं बूच उडालं. त्याने धावत जाऊन हाताने भोक दाबलं, पण उभं करीपर्यंत निम्मं तेल मातीत गेलं होतं. पुढे रस्त्याच्या ठेकेदाराची छावणी होती. तिथल्या राखणदाराच्या तो पाया पडला, तेव्हा त्याने छावणीतल्या पिंपातून डबे भरभरून ओतून दिले.

“मोटारीचा तेल हाय म्हणाला. मी म्हटला, तेल ते तेल. मोटार पण इंजिनच ना गे बाय?” मंगळूने तिच्याकडे बघितलं. “दाजींना नको सांगू. माझ्या गळ्याची शपथ हाय.”

सोमीने त्याच्या हाताकडे बघितलं. पिंपाचं भोक दाबताना तळवा सोलवटला होता. तिलाही वाटलं, तेलात तेल मिसळलं, त्यात काय एवढं? “नाय सांगत,” ती म्हणाली. “जेव आता.”

त्याच दुपारी गिरणीतून वेगळाच आवाज येऊ लागला. एरवी इंजिन कसं, शहाण्या म्हाताऱ्यासारखं एका चालीने चालायचं. आता ते आतून हातोडे मारल्यासारखं ठोके देऊ लागलं. ठण् ठण्, मध्येच दम लागल्यासारखं अडखळायचं, पुन्हा ठण्. धुराड्यातून पांढरा धूर. थोड्या वेळाने ते बंद पडलं. सोमी अंगणात भांडी घासत होती. तिचा हात राखेतच राहिला.

दिवेलागणीला कान्हा घरी आला. सर्दीने त्याचं नाक चोंदलेलं, डोळे लाल. येऊन भिंतीला टेकून बसला, चहाही घेईना.

“काय झाला?” सोमीने विचारलं.

“कळत नाय. सगळा खोलून बघितला. हवा बघितली, पाणी बघितला. आतून लोखंड बडवल्यासारखा करतो नि लगेच तापतो.” तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. “माझ्याच हातून काय तरी चुकला असेल. परवा नोझल साफ केला तेव्हा.”

सोमीच्या ओठावर आलं होतं. पिंपाचं सांगावं. पण डोळ्यांसमोर आला तो पावसाळ्यातला मंगळू, बायांमध्ये उभा राहून कसनुसा हसणारा. आता तर नुसतं बोलणं नव्हे, काम जाईल त्याचं. आणि खरंच ते तेलामुळे झालं असेल कशावरून? उद्या इंजिन सुरू झालं तर उगाच भावाला बुडवल्यासारखं. असं मनाशी म्हणत तिने चूल फुंकली. नवरा मात्र स्वतःलाच दोष देत बसला होता, आणि ते बघणं तिला जड जात होतं.

सकाळी धुकं होतं, थंडी कडाक्याची. गोजाबाईच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून गोजाबाई भाताच्या टोपल्या घेऊन पहाटेच गिरणीशी आली होती. आणखीही बाया होत्या. सोमी कान्हाची भाकर घेऊन गेली, तर शेडमध्ये तो हँडल मारून मारून घामाघूम झालेला. चाक फिरायचं, एखादा ठोका द्यायचं आणि गप्प व्हायचं. नळीत हवा अडकली असेल म्हणून त्याने नळीचा आटा सैल करून तेल वाहू दिलं होतं. खाली जमीन ओली झाली होती.

“आज शेक द्यावा लागेल,” तो म्हणाला.

थंडीत इंजिन हटून बसलं की कान्हा एक युक्ती करायचा. चिंधीचा बोळा डिझेलमध्ये बुडवायचा, चिमट्यात धरून पेटवायचा, आणि इंजिन जिथून हवा ओढतं तिथे धरायचा. डिझेलचा बोळा सावकाश, मिणमिणत पेटतो. बायांनी हे अनेकदा पाहिलेलं. त्याने वाटीत टाकीतलं तेल घेतलं, बोळा बुडवला आणि काडेपेटी काढली.

सोमी दारात होती. तिला वास आला. शेड त्या वासाने भरून गेली होती, डोळ्यांत पाणी येत होतं. सर्दीने गच्च झालेल्या कान्हाला तेवढा कळत नव्हता. माहेरी असताना एका मोटारवाल्याने असल्याच तेलाचे दोन थेंब ओल्या लाकडांवर टाकून काडी लावली होती आणि भडका केवढा उठला होता, ते तिला एकदम आठवलं.

“थांबा!” ती ओरडली. “काडी नका ओढू! पिंपात मोटारीचा तेल हाय!”

काडी ओढली गेली होतीच. पण तिच्या हाकेने कान्हाने मान तिच्याकडे वळवली, आणि भक्कन भडका झाला तो त्याच्या तोंडाऐवजी कानामागून गेला. सदऱ्याची बाही पेटली. बोळा खाली पडला, ओली जमीन पेटली, आणि निळसर जाळ सापासारखा सरसरत भिंतीवरच्या टाकीच्या नळीकडे गेला. नळीतून तेल ठिबकतच होतं. शेडच्या मागच्या अंगाला तुसाचा डोंगर होता, आणि त्याला लागून वस्ती.

कुणीतरी पाण्याची घागर उचलली. कान्हा बाही झटकत ओरडला, “पाणी नको! तेल पसरेल! माती टाका, माती!”

बाहेर सारवणासाठी आणलेल्या मातीचा ढीग होता. गोजाबाईने लग्नाच्या भाताची टोपली तिथल्या तिथे उपडी केली आणि तीच मातीने भरली. बाकीच्या बायांनीही तेच केलं. पण वरून तेल ठिबकतंय तोवर माती किती पुरणार?

तेवढ्यात जू सोडून मंगळू आत घुसला. काय चाललंय ते त्याने बघितलं आणि कुणाला काही विचारलं नाही. जाळावरून उडी मारून तो भिंतीशी गेला आणि टाकीचा कॉक दोन्ही हातांनी धरला. लोखंड तापलेलं होतं. तो किंचाळला, पण हात सोडले नाहीत; पुरता फिरवला तेव्हाच मागे कोसळला. कान्हाने त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. ठिबकणं थांबलं आणि बायांच्या मातीखाली आग गुदमरून विझली.

मंगळूचे तळहात भाजून पांढरे पडले होते. तो म्हणत होता, “दाजी, मी केला. दाजी, मी.”

 कान्हाने स्वतः बैल जुंपले, मंगळूला गाडीतल्या गवतावर निजवलं आणि गाडी मोखाड्याच्या दवाखान्याकडे हाकली. त्याचा स्वतःचा दंड भाजला होता, त्यावर सोमीने ओलं फडकं बांधलं होतं. सोमी मागे भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली.  चाकं करकरत होती.

चढण आली. रस्त्यावर एका ठिकाणी माती अजून काळी होती. मंगळूने मान वळवून ती दाखवली. “इथंच.”

कान्हाने गाडी थांबवली. “एवढा झाला तर मला सांगायला काय झालेला?” आवाज चढलेला होता. “मी पिंप बाजूला ठेवला असता. दुसरा आणला असता. पेट्रोलवर ते इंजिन चालत नाय रे! आतून फुटला असता तर शेडमधल्या बायांचा काय झाला असता?”

मंगळूने डोळे मिटले. “एक डबा सांडला तेव्हा तुम्ही बैलावरून बोललात. हा तर निम्मा पिंप होता.”

कान्हाने तोंड बैलांकडे फिरवलं. मग मागे न बघता म्हणाला, “सोमे, तुला माहीत होता?”

“होता.”

“काल मी घरी बसलेलो, डोकं धरून. तेव्हा पण?”

“तेव्हा पण.” सोमी म्हणाली. “माझा चुकला. चार वेळा तोंडापर्यंत आला. पण तुमचा राग डोळ्यापुढे आला नि परत खाली गेला.”

“म्हणजे मलाच भ्यालात दोघं.”

तिला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “हो.”

कान्हाने कासरा हलवला. गाडी पुढे निघाली. मोखाड्यापर्यंत तो मंगळूला फक्त मधून मधून विचारत राहिला, “पाणी पाहिजे?”

नाशिकहून मिस्त्री आला तेव्हा आठवडा उलटला होता. त्याने पंप उघडून दाखवला. आतली दांडी ओरखडून गेली होती. डिझेल नुसतं जळत नाही, जाताजाता पंपाला वंगणही देतं; पेट्रोल कोरडं, ते सगळं घासून टाकतं, आणि सिलिंडरमध्ये भलत्याच वेळी पेट घेऊन ठोके मारतं. “लवकर बंद पडलं हे नशीब,” तो म्हणाला, आणि पंप काढून घेऊन गेला. होळीपर्यंत गिरणी बंद.

गोजाबाईच्या घरचं भात मग उखळातच कांडायचं ठरलं. मातीत मिसळलेलं भात बायांनी पाखडून, निवडून घेतलं. सोमी गेली मदतीला. थोड्या वेळाने बघते तर कान्हा अंगणात उभा. दंडाला पट्टी, चांगल्या हाताने कोपऱ्यातलं मुसळ उचलतोय. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पुरुषाने मुसळ धरलेलं कुणी बघितलं होतं?

“हसा,” तो म्हणाला. “माझीच गिरणी बंद हाय ना.” त्याचे घाव वेडेवाकडे पडत होते, निम्मे दाणे फुटत होते. गोजाबाई म्हणाली, “बाबा, कण्याच करायच्या तर भाताचा नास कशाला?” तरी तिने त्याला हाकललं नाही. रात्री सोमीने त्याचा तळहात बघितला. फोड आले होते. ती त्यावर तेल चोळत राहिली, आणि त्याने हात काढून घेतला नाही.

सोसायटीच्या बैठकीत मंगळूला काढावं असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. कान्हा उभा राहिला. तेल तपासून घेणं आपलं काम होतं, ते आपण केलं नाही, एवढंच तो बोलला आणि खाली बसला. मंगळू राहिला.

त्याचे हात हळूहळू भरून आले. दोन बोटं मात्र पुरती वळेनात. होळी झाल्यावर पंप परत आला, आणि कासरा मनगटाला गुंडाळून मंगळू पुन्हा जव्हारला गेला. दोन दिवसांनी गाडी गावात शिरली तेव्हा सोमी गिरणीतच होती. मंगळूने गाडी सोडली नाही, बैलांनाही तसंच उभं ठेवलं, आणि सरळ आत आला. चेहरा उतरलेला.

“दाजी,” तो म्हणाला, “ओढ्यात गाडी कलली. थोडा सांडला.”

 कान्हाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सोमीला त्या दिसल्या. कान्हाने एक आवंढा गिळला, मग दुसरा.

“वरून काय ओतलास?”

“नाय. काय नाय ओतला.”

“बरा केलास.” कान्हाने फडक्याला हात पुसले. “बैलांना पाणी दाखव आधी. मग दोघं मिळून उतरवू.”