तळघरातला खोकला

रुग्णालयानं ते तळघर सोडलं, तेव्हा प्रयोगशाळेनं लगेच मागून घेतलं. कारण एकच, भिंती. कॅन्सरच्या रुग्णांना किरणं द्यायचं यंत्र पूर्वी तिथं होतं, त्यामुळे भिंती किल्ल्यासारख्या जाड आणि दार तिजोरीसारखं. नवं यंत्र आत चपखल बसलं.

इलेक्ट्रॉन पळवून त्यांच्यापासून प्रकाश काढणारं असलं यंत्र एरवी गावाएवढं लांब असतं. इथं लेझरचा एक जबर झोत गॅसच्या फवाऱ्यावर पडायचा. धावत्या होडीमागच्या लाटेवर काटकी वाहत जावी तसे इलेक्ट्रॉन त्यातून उठलेल्या लाटेवर स्वार होऊन सुसाट निघायचे. पुढं चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जाताना त्यांनी प्रकाश द्यायचा. आधी अतिनील, मग जमलंच तर क्ष-किरण. "लोक राईचा पर्वत करतात," प्रयोगशाळेचे प्रमुख पाहुण्यांना सांगायचे, "आम्ही पर्वताची राई करतोय."

लेझर सांभाळणारी बाई यावर दर वेळी हसायची. पण ही खोली आपल्या जुन्या ओळखीची आहे, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती शाळेत असताना तिच्या बाबांना इथंच आणायचे. ती आणि आई बाहेर बाकावर बसायच्या, बाबा आत एकटे. दार लागलं की भिंतीवरच्या इंटरकॉममधून त्यांचा खोकला ऐकू यायचा. दोन कोरडे, मग एक लांबलेला. त्याच हिवाळ्यात बाबा गेले.

तो इंटरकॉम अजून होता. आतल्या पंपांचा आवाज बाहेर कळतो, म्हणून कुणी काढला नाही. यंत्र लागून थोडे दिवस झाले असतील, एका दुपारी त्यातून खोकला आला. दोन कोरडे, मग एक लांबलेला.

ती प्रमुखांकडे वळली.

"सर, ऐकलंत?"

"काय? पंप ना?" प्रमुखांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "कुरकुरतोय खरा. बघ जरा सवडीनं."

तिनं सवड काढलीच नाही.

तेव्हापासून इलेक्ट्रॉनांचा झोत हलायला लागला. लेझरच्या प्रत्येक शॉटला पडद्यावरचा त्यांचा ठिपका नव्या जागी. झोत इतका हलत असेल तर चुंबकांतून जाताना प्रकाश वाढणार कसा? सगळ्यांनी जंग जंग पछाडलं. आरसे तपासले, गॅस बदलला, खोलीचं तापमान धरून ठेवलं. पंपाकडे बोट दाखवणं तिच्या हातात होतं, आणि ती कानाडोळा करत राहिली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती इंटरकॉमचा आवाज मोठा करून बसायची. आत जायची वेळ आली, की मात्र पाठ भिंतीला लावून काम करायची. पूर्वी रुग्णांचं टेबल असायचं तिथं, कमरेएवढ्या उंचीवर कुणीतरी निजलंय, असं तिला सारखं वाटायचं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती आईला घेऊन आली. लेझर बंद होता, पंप तेवढे चालू. 'वेडी आहेस का गं' असं आईनं एकदा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

आई दारासमोर थबकली. बाक कधीच गेला होता, तरी ती नेमकी त्याच जागी उभी राहिली. "रंग दिलाय," म्हणाली. "वास तोच आहे."

मुलीनं आवाज वाढवला. दोघी थांबल्या. मग तो आला.

आईनं डोळे मिटले. "तसाच," ती म्हणाली.

"आई, पंप आहे तो."

"असेल. कधीपासून चाललंय हे?"

"दोनेक महिने."

"आणि तुला तो दुरुस्त करता येत नाही?"

"येतो की. पण मग हे बंद होईल."

आई तिच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "दोन महिने खोकत ठेवलंस त्यांना? अगं, छाती धरून बसायचे ते. म्हणायचे, हा एक खोकला थांबला ना, तर बाकीचं सगळं सोसेन. तू लहान होतीस, तुला कळू दिलं नाही आम्ही. जा. थांबव ते."

ती आत गेली. पंपाखालचं रबर झिजून गेलं होतं आणि पंपाची कड आरशांच्या टेबलाला आपटत होती. तिनं पंप बंद केला, रबर बदललं, बोल्ट आवळले. आवळताना तोंडातून आपसूक निघालं, "झालंच हं, बाबा." इंटरकॉम चालू होता. ती बाहेर आल्यावर आईनं तिचे हात रुमालानं पुसून दिले.

दुसऱ्या दिवशी ठिपका जागचा हलला नाही. चुंबकांपलीकडचा प्रकाश आधी जरा वाढला, मग वाढतच गेला. इलेक्ट्रॉन पावलाला पाऊल जुळवून चालू लागले होते. प्रमुख खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पंपच होता तर." कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. तीही हसली. इंटरकॉममध्ये नुसती घरघर होती.

त्या संध्याकाळी आई म्हणाली की आज दुपारी तिला गाढ झोप लागली होती. मुलीला ते ऐकून बरं वाटलं. तिला स्वतःला मात्र झोप नाही.

यंत्र आता रोज चालतं. सुरू करण्याआधी एकानं आत फेरी मारून कुणी मागं राहिलेलं नाही ना ते बघायचं, मगच दार लावायचं, असा नियम आहे. बाकीचे वरवर बघून येतात. तिची पाळी असली, की ती टेबलाखाली वाकते, कपाटांमागं बघते, प्रत्येक कोपऱ्यात जाते. आणि बाहेर येऊन "आत कुणी नाही" असं म्हणायला तिला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.